अंघोळीच्या एका बादलीचा हिशोब

सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उठली की आमच्या गल्लीत लाइटबिलांची चर्चा सुरू होते. या जानेवारीत शेजारच्या वहिनी बिल हातात घेऊनच आल्या. "सर, पंखा बंद, कूलर बंद, आन बिल बगा की किती आलंय! मीटर पळतोय म्हणावं, तर तपासून बरोबर हाय म्हणतेत." ऑक्टोबरचं बिल ९६ युनिटांचं, आठशेच्या घरातलं. जानेवारीचं १७८ युनिटांचं, अठराशेच्या पुढचं. घरात नवी वस्तू एकही आलेली नव्हती. गीझरचं बटण मात्र पहाटे साडेपाचला चालू व्हायचं आणि रात्री झोपताना कुणाला आठवलं तर बंद व्हायचं.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. त्या दिवशी ओट्यावर बसून वहिनींना कागदावर जो हिशोब करून दाखवला, तोच इथे सविस्तर मांडतो. त्यात सातवीच्या पुढचं गणित नाही. पण तो एकदा नीट उमजला की गॅस बरा की रॉड, गीझर घ्यावा की सोलर, हे जाहिरातींना विचारावं लागत नाही.

एक लिटर, एक अंश

१ लिटर पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला १ किलोकॅलरी उष्णता लागते. हा पाण्याचा स्वभाव आहे. चुलीवर ठेवा, गॅसवर ठेवा, उन्हात ठेवा, तो बदलत नाही. आणि मीटरवरचं १ युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. एवढे दोनच आकडे लक्षात ठेवायचे.

आता बादली घेऊ. मोठी बादली २० लिटरची धरा. थंडीत अंगावर घ्यायचं पाणी ४२ अंशांच्या आसपास लागतं, त्याहून फार वर गेलं की चटका बसतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मी दोन हिवाळे थर्मामीटरनं मोजलं. जानेवारीत पहाटे ते १८ अंशांच्या आसपास असतं. म्हणजे चढायचे २४ अंश. २० गुणिले २४, झाले ४८० किलोकॅलरी. त्याला ८६० नं भागा: एका बादलीला ०.५६ युनिट. वहिनींच्या घरात चार माणसं, चार बादल्या. रोज सव्वादोन युनिट, महिन्याला ६७.

"कढत करून विसण घातलं की वीज जास्त जाते का?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. नाही जात. २० लिटर पाणी थेट ४२ अंशांपर्यंत तापवलं काय आणि दहा लिटरच्या आतबाहेर पाणी कढत करून त्यात विसणाचं गार पाणी ओतलं काय, बादलीत शेवटी तेवढीच उष्णता असते. १५ लिटरच्या गीझरमधलं ६० अंशांचं पाणी २५ अंशांच्या विसणात मिसळलं तर अंगावर घ्यायजोगं ३१ लिटर पाणी होतं. दीड बादलीच म्हणा ना. त्यामुळे १५ लिटरचा गीझर लहान पडतो असं वाटत असेल, तर आधी विसण किती घालता ते बघा.

दुसरी समजूत रॉडची. "रॉड लई लाइट खातो." रॉड पाण्यात बुडलेला असतो. त्याची उष्णता पाण्यात जाणार नाही तर कुठे जाणार? दीड हजार वॉटचा रॉड तीच १८ अंशांची बादली साधारण २२ मिनिटांत ४२ वर नेतो आणि तेच ०.५६ युनिट घेतो. शुद्ध हिशोबानं रॉड गीझरपेक्षा काटकसरीचा आहे, कारण पाणी तापलं की काम संपलं, मागे काही तापत राहत नाही. त्याचा दोष वेगळा आहे आणि तो जिवावरचा आहे. रॉड आधी पाण्यात, मगच बटण. बटण बंद, प्लग बाहेर, मगच पाण्याला हात. अधेमधे बोट बुडवून "तापलं का" बघणं हे माणसं मरण्याचं कारण आहे. घरात नीट अर्थिंग आणि गळती झाल्याबरोबर वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल, लहान मुलं असतील, तर रॉड घरात ठेवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

लाल दिवा

चार बादल्यांचे ६७ युनिट झाले, तरी वहिनींचं बिल ८२ युनिटांनी वाढलं होतं, आणि थंडीत पंखा-कूलरचे युनिट तर वाचलेले असतात. मग उरलेले कुठे गेले?

हे शोधायला मी माझ्याच घरचा जुना गीझर एका रविवारी राखत बसलो. सकाळी दहा ते दुपारी चार, कुणीही गरम पाण्याला हात लावायचा नाही. बटण चालू. समोर घड्याळ आणि वही. पाणी तापलेलं होतं, गीझरवरचा लाल दिवा (वीज घेतो तेव्हाच तो लागतो) विझलेला होता. तासाभरानं टिक् असा आवाज झाला आणि दिवा लागला. दीडेक मिनिटानं विझला. पुन्हा तासाभरानं तेच. सहा तासांत पाच वेळा, मिळून ७ मिनिटं. गीझर २००० वॉटचा. म्हणजे सहा तासांत पाव युनिटाला थोडं कमी, आणि दिवसाला ०.९ युनिट. एक थेंब पाणी न वापरता महिन्याला २८ युनिट! न्हाणीची भिंत तेवढी कोमट राहिली.

गीझरची टाकी थर्माससारखी असते, पण थर्माससुद्धा निवतोच. आतलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा जितकं जास्त तापलेलं, तितकी उष्णता वेगानं निसटते. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी निवलं की वीज आपोआप चालू करणारा खटका, निसटलेल्या उष्णतेची भर घालत राहतो. "सारखा बंद-चालू करण्यापेक्षा चालू ठेवलेलाच स्वस्त" असं अनेकजण ठामपणे सांगतात. हे चूक आहे. बंद ठेवलेला गीझर निवत जातो तशी उष्णतेची गळतीही मंदावते. चालू ठेवलेला दिवसभर पूर्ण वेगानं गळतो. गीझरवरचे वीजबचतीचे तारे मोजतात तेही मुख्यतः हीच गळती, म्हणजे २४ तासांत नुसतं गरम ठेवण्यात किती वीज जाते ती. नवा गीझर घेताना ताऱ्यांच्या लेबलवर तो आकडा छापलेला असतो, तो वाचा. पण अंघोळीआधी पंधरा-वीस मिनिटं चालू आणि पहिला माणूस आत गेला की बंद, एवढी शिस्त घरात असेल तर कमी ताऱ्यांचा जुना गीझरही चालतो. वहिनींनी पहिल्या महिन्यात एवढंच केलं.

थर्मोस्टॅट ७०-७५ वर असेल तर ५५-६० वर आणा. गळती कमी होते, आणि क्षारही कमी धरतो, त्याबद्दल पुढे सांगतो. मात्र ५० च्या खाली नेऊन पाणी दिवसचे दिवस कोमट साठवू नका, अशा पाण्यात जंतू वाढतात.

शेवटचे युनिट सगळ्यात महाग

इथे बिलाची खरी गोम आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी चढतो: १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा, पुढे चौथा. दर बदलत राहतात आणि तुमच्या बिलावर छापलेले असतात, ते बघून घ्या. गेल्या काही वर्षांत वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा आकार) धरून पहिल्या टप्प्यात युनिट सहा रुपयांच्या आसपास आणि दुसऱ्यात अकरा-बाराच्या आसपास राहिलं आहे. शिवाय या सगळ्यावर १६ टक्के विद्युत शुल्क.

आता विचार करा. दिवे, फ्रिज, टीव्ही, मिक्सर यांत वहिनींचे पहिले शंभर युनिट जवळजवळ भरतातच. गीझर त्यांच्या डोक्यावर येऊन बसतो. म्हणजे गीझरचं प्रत्येक युनिट दुसऱ्या टप्प्यात, दुप्पट दरानं मोजलं जातं. त्यांचे युनिट दुपटीच्या आत वाढले आणि बिल मात्र दुपटीच्या पुढे गेलं ते यामुळे. याची चांगली बाजू अशी की वाचवलेलं युनिटही त्याच महाग दरानं वाचतं. बिलाला एकूण युनिटांनी भागून "सरासरी नऊ-दहा रुपये पडतं" म्हणणारा माणूस गीझरची बचत कमी लेखतो.

हाच हिशोब गॅसला लावू. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो. त्यात साधारण दीड लाख किलोकॅलरी. शेगडीवर झाकण ठेवलेल्या पातेल्यात त्यातल्या साठेक टक्के पाण्यात उतरतात, बाकी पातेल्याच्या कडेनं वर निघून जातात. गॅस गीझरमध्ये ऐंशीच्या आसपास टक्के उतरतात. तुलनेसाठी जरा बरी बादली घेऊ, २५ वरून ४२ अंशांवर जाणारी, म्हणजे ३४० किलोकॅलरीची. एका टाकीत शेगडीवर अशा सुमारे २७० बादल्या होतात, गॅस गीझरवर ३६० च्या वर. टाकी ९०० रुपयांची धरली तर शेगडीवरची बादली सव्वातीन रुपयांची, गॅस गीझरची अडीच रुपयांची. विजेवर त्याच बादलीला ०.४ युनिट लागतं: विद्युत शुल्क सोडून पहिल्या टप्प्यात जेमतेम अडीच रुपये, दुसऱ्यात पावणेपाच. तुमच्या टाकीचा आणि युनिटाचा आजचा भाव घालून हे पुन्हा करून बघा. एका ओळीचं काम आहे.

म्हणून मग सगळे गॅस गीझरकडे वळतात, आणि इथे मला कळकळीनं सांगायचंय. बंद न्हाणीत गॅस गीझर लावू नका. ज्योत हवेतला प्राणवायू खाते आणि तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लुळे पडतात आणि कडी काढायलाही माणूस उठू शकत नाही. गीझर बाहेर, मोकळ्या हवेत, भिंतीपलीकडे लावायचा आणि नळी फक्त पाण्याची आत आणायची. "आमची खिडकी असते की थोडी उघडी" हे उत्तर पुरेसं नाही. थंडीत ती खिडकी कोण उघडी ठेवतं?

चूल आणि बंब यांचं थोडक्यात सांगतो. उघड्या तीन दगडांच्या चुलीवर लाकडातल्या उष्णतेचा दहा-पंधरा टक्केच भाग हंड्यात उतरतो. बंबाची रचना फार शहाणी होती: जाळ मधल्या नळकांड्यात आणि पाणी त्याच्या भोवती. वाया जाणारी आच पाण्यातूनच वर जायची. शेतातल्या तुरकाट्या फुकट मिळतात आणि धूर बाहेर जाण्याची सोय आहे, अशा वाडी-वस्तीवर बंब आजही वाईट नाही. शहरातल्या गल्लीत मात्र त्याचा धूर शेजारच्या लेकराच्या छातीत जातो.

विजेबद्दल आणखी एक. आपल्या जवळच फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. अशा केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेवर जनित्र फिरवतात, आणि कोळशातल्या उष्णतेचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग विजेत उतरतो. ती वीज तारांतून आपल्या घरी येते आणि आपण तिनं पुन्हा पाणीच तापवतो. पंख्याला, दिव्याला विजेशिवाय पर्याय नाही. पाणी कोमट करायला आहे.

हौदातलं पाणी

माझं मुख्य सांगणं हे आहे. सोलापुरात आपल्याला चढायचे अंश मुळातच थोडे आहेत, आणि त्यातले बरेचसे आपल्या घरातच फुकट पडलेले असतात. फक्त पाणी कुठून आणि कधी घ्यायचं ते बघावं लागतं.

आपल्याकडे उजनीहून शंभरावर किलोमीटरच्या जलवाहिनीतून पाणी येतं, आणि तेही तीन-चार, कधी पाच दिवसांनी. त्यामुळे ज्याला शक्य आहे त्याच्या अंगणात जमिनीखाली हौद आहे. त्रास म्हणून बांधलेला हा हौद थंडीत उपयोगाला येतो. जमिनीखाली चार-पाच फुटांवर रात्रीचा गारठा पोचत नाही. तिथली माती वर्षाच्या सरासरीच्या जवळपास राहते, आणि सोलापूरची सरासरी उबदार आहे. ज्या पहाटे गच्चीवरच्या टाकीत १८ अंश होते, त्याच पहाटे माझ्या हौदात २५ होते. गच्चीवरची टाकी रात्रभर उघड्या आभाळाखाली वाऱ्यात उभी असते. ती निवणारच.

आणि आपण करतो काय? संध्याकाळी मोटर लावून वरची टाकी काठोकाठ भरतो. रात्रभर ती गार करतो. पहाटे तेच पाणी पैसे देऊन तापवतो.

थंडीच्या दिवसांत वेळ बदला. रात्री टाकी तळाला येऊ द्या, आणि पहाटे अंघोळीच्या आधी मोटर लावा. मोटर तेवढीच चालते, तिचा खर्च वाढत नाही. बादलीचे चढायचे अंश २४ चे १७ होतात, ०.५६ युनिटचे ०.४. चार बादल्यांमागे महिन्याला २० युनिट, आणि तेही महागड्या टप्प्यातले. टाकीत निम्मं गार पाणी शिल्लक असताना वरून हौदाचं ओतलं तर मात्र फायदाही निम्माच होतो, म्हणून तळाला येऊ द्या म्हटलं. बोअर असेल तर तिचं पाणीही पहाटे असंच उबदार लागतं. बोअरच्या नळाखाली थंडीत हात धरलेल्या कुणालाही हे सांगायला नको.

उलटा खेळ संध्याकाळी. दिवसभर ऊन खाल्लेली काळी टाकी जानेवारीतही पाच वाजता २७-२८ अंशांवर असते. घरात ज्याला सकाळची घाई नाही, म्हणजे आजी-आजोबा, शाळेतून आलेली मुलं, त्यांची अंघोळ संध्याकाळी झाली तर एका बादलीला ०.३५ युनिटच लागतं. पहाटेच्या निम्म्याला थोडं जास्त. म्हाताऱ्या माणसांना सोसायलाही ते बरं. हे मी शास्त्र म्हणून सांगत नाही, माझ्या आईला पाहिलंय.

मार्च संपता संपता गीझरचा एमसीबीच, म्हणजे बोर्डातला त्याचा मुख्य खटका, खाली पाडा. एप्रिल-मेमध्ये दुपारी नळ उघडला की हात भाजतो असलं आपलं गाव, आणि तरी सवयीनं गीझर चालू असलेली घरं मी पाहिली आहेत.

ज्यांच्याकडे गच्चीही नाही, गीझरही नाही, त्यांच्यासाठी सगळ्यात जुना उपाय. बाळंतिणीच्या घरात पूर्वी बाळाच्या अंघोळीचं पाणी घंगाळात भरून उन्हात ठेवत. विडी वळणाऱ्या बायकांच्या दारात आजही पत्र्याच्या सावलीबाहेर भरलेले हंडे दिसतात. तोंड रुंद, रंग काळा आणि वर झाकण, एवढ्या तीन गोष्टी पाळल्या तर २० लिटर पाणी तीन वाजेपर्यंत ३६-३८ अंशांवर जातं. झाकण काचेचं असेल तर उत्तम. ऊन आत जातं, वाफ बाहेर जात नाही. झाकण नसलं तर वाफेबरोबर उष्णता उडून जाते आणि मग लोक म्हणतात उन्हात पाणी तापत नाही.

पांढरा थर

आपलं बोअरचं पाणी जड. काळ्या खडकातून झिरपताना ते क्षार विरघळवून आणतं. तापवलं की त्यातला चुना सुटतो आणि पांढरा, खरखरीत थर धरतो, जो पातेल्याच्या बुडाला दिसतो तोच. पाणी जितकं जास्त तापवाल तितका तो भराभर धरतो. ६० च्या वर तर फारच. थर्मोस्टॅट खाली आणा म्हणालो ते यासाठीही.

थर धरला की वीज जास्त जाते असं सर्रास सांगतात. इथे जरा फरक करायला हवा. विजेच्या गीझरची कॉइल पाण्यातच बुडालेली आहे. थर आला तरी तिची उष्णता शेवटी पाण्यातच जाते, उशिरानं. वाया फारशी जात नाही. होतं असं की थराखाली कॉइल स्वतः भलती तापते आणि एक दिवस जळते. खर्च बिलात येत नाही, मेकॅनिकच्या हातात जातो. गॅस गीझर आणि सोलरचं तसं नाही. तिथे आच एका बाजूला, पाणी दुसऱ्या बाजूला आणि मध्ये थर. पाण्याला न मिळालेली उष्णता सरळ हवेत जाते. म्हणून बोअरचं पाणी या दोघांना देताना दहा वेळा विचार करा. जमत असेल तर गरम पाण्याच्या लाइनला फक्त नळाचं पाणी द्या.

माझ्या गीझरची कॉइल काढली तेव्हा तिच्यावर बोटभर जाड, खडबडीत खपली होती. ओळखीच्या मेकॅनिकनं स्क्रूड्रायव्हरनं ठोकून काढायला सुरुवात केली, मी थांबवलं. ठोकलं की कॉइलच्या आवरणाला चीर जाते आणि पुढे तिथूनच पाण्यात वीज उतरते. बादलीत कोमट पाणी, त्यात दोन मुठी सायट्रिक अ‍ॅसिड, तेच लिंबूसत्त्व किराणा दुकानात मिळतं ते. कॉइल फक्त धातूच्या भागापर्यंत बुडवली, जोडणीची टोकं कोरडी ठेवली. फसफसत दोन तासांत खपल्या सुटून तळाला बसल्या. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत हे करून घ्यावं. त्याच वेळी आतला मॅग्नेशियमचा दांडा बघायला सांगा. टाकीऐवजी तो स्वतः झिजतो, आणि तो संपला की टाकी गंजायला लागते.

सोलर घ्यायचं तर

आधी एक घोटाळा दूर करू. "सोलर" म्हणजे दोन वेगळ्या वस्तू. एक, पाणी तापवणारं यंत्र. दुसरी, वीज करणारी पॅनेल. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान, पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला कमाल ७८ हजार, हे पॅनेलांना आहे. पाणी तापवण्याच्या यंत्राला ते मिळत नाही. दुकानदार अनुदानाचं नाव घेऊन पाण्याचा सोलर गळ्यात मारत असेल तर तिथेच थांबा.

१०० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर नेणं म्हणजे रोज सुमारे ४ युनिट. दोनेक चौरस मीटरचा सोलर हे आपल्या उन्हात सहज करतो. तेवढ्याच विजेसाठी सुमारे एक किलोवॅटची पॅनेल लागतील, जागाही जास्त. केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं १०० लिटरच्या यंत्रामागे वर्षाला सुमारे १५०० युनिट वाचतात असं म्हटलंय. ते खरं आहे, पण शंभरच्या शंभर लिटर रोज वापरले तर. चार माणसांच्या घरानं गीझर वेळेवर बंद करायला आणि पहाटे मोटर लावायला सुरुवात केली की वाचवायला मुळात तेवढे युनिट उरतच नाहीत. म्हणून वहिनींना मी सांगितलं, आधी फुकटातलं करा, एक हिवाळा बिलं बघा, मग सोलरच्या भावाला वर्षाच्या बचतीनं भागा. सात-आठ माणसांचं एकत्र कुटुंब असेल, घरातच कपड्यांना, भांड्यांना गरम पाणी लागत असेल, तर मात्र वाट बघू नका.

सोलरचे दोन प्रकार: तांब्याच्या नळ्यांचा सपाट पेटीचा, आणि काचेच्या पोकळ नळ्यांचा. जड पाण्यात तांब्याच्या बारीक नळ्या लवकर तुंबतात. काचेच्या नळ्या रुंद, त्या उपसून धुता येतात. सोलापुरात बोअरवर भिस्त असेल तर काचेच्या घ्या. यंत्राचं तोंड दक्षिणेला, आणि कल २८-३० अंशांचा. आपलं गाव साडेसतरा अंशांच्या थोडं वर उत्तर अक्षांशावर आहे. थंडीतला सूर्य खाली उतरतो आणि पाणी तर तेव्हाच हवं असतं, म्हणून कल अक्षांशाहून दहा-बारा अंशांनी जास्त ठेवतात.

एक धोका मात्र आपल्याच गावचा. नळाला पाणी आलं नाही, वरची टाकी रिकामी झाली, आणि सोलरच्या काचेच्या नळ्या भर उन्हात कोरड्या पडल्या. कोरडी नळी दोनशे अंशांच्या वर जाते. मग दुपारी दोनला पाणी आलं, कुणीतरी उत्साहानं मोटर लावली, आणि गार पाणी तापल्या काचेत शिरलं की नळ्या फुटतात. रिकामा पडलेला सोलर सूर्य मावळल्यावर किंवा उगवण्याआधीच भरायचा. हे मोटरच्या बटणाशेजारी कागदावर लिहून चिकटवा, कारण मोटर लावणारा माणूस रोज एकच नसतो. उन्हाळ्यात निम्म्या नळ्या झाकून टाका. जुनी विटकी चादर सोलापुरात कुणाच्या घरी नसते? तीच बांधा. पाणी उकळायचं थांबतं, थर कमी धरतो.

उष्णता-पंप नावाचं यंत्रही आता मिळतं. हवेतली उष्णता ओढून ते एका युनिटात तीन युनिटांएवढं पाणी तापवतं, आणि आपल्यासारख्या उबदार गावात तर चांगलंच चालतं. पण किंमत पाहता ते वसतिगृहाचं, दवाखान्याचं काम आहे.

राहिला पाइप. सोलर गच्चीवर, न्हाणी तळमजल्यावर. मधल्या पंधरा मीटर पाऊण इंची पाइपात साडेचार-पाच लिटर पाणी रात्रभर निवत पडलेलं असतं. सकाळी ते आधी येतं, आणि बहुतेक घरांत ते गरम पाणी येईपर्यंत मोरीत सोडून देतात. चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या गावात हे बघवत नाही. दाब पुरत असेल तर गरम पाण्याची लाइन अर्ध्या इंचाची घ्या, आत निम्म्याच्या आसपास पाणी साठतं. पाइपावर फोमची नळी चढवा, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या अंघोळीच्या मध्ये तो निवत नाही. आणि सकाळचं पहिलं गार पाणी बादलीत धरा. आमच्याकडे ती बादली नळाखालीच असते, नंतर त्याच पाण्याचं विसण होतं.